पाय कोणी धरले

बोट निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सान ल्विनने मुकादमाला विचारलं, "को मो चॉ, परत बंदराला कधी लागायचं?"

मो चॉ चहा पीत होता. त्याने पेला खाली ठेवला, तोंड पुसलं, बाजूला पडलेली लोखंडी कप्पी उचलली आणि सान ल्विनच्या तोंडावर हाणली. पुढचे दोन दात तिथल्या तिथे गेले. तिसरा हलत राहिला, तो आठवड्याने भाताबरोबर पोटात गेला. सान ल्विन डेकवर गुडघे टेकून रक्त थुंकत होता, तेव्हा मो चॉ त्याच्या शेजारी उकिडवा बसला आणि गावाकडचा माणूस भेटल्यावर बोलावं तसं मायेने म्हणाला, "आता विचारलंस ते विचारलंस. पुन्हा विचारलंस तर विचारायला तोंड ठेवणार नाही. तुला विकलाय, राजा."

"कोणी?"

"जिनं त्या दिवशी पोटभर जेवायला वाढलं, तिनं."

ती म्हणजे दॉ चो. सीमेपलीकडे, थायी मुलखातल्या महाचाई गावात खोली घेऊन राहणारी, आपल्याच मुलखातली, तोंडात कायम विडा असलेली बाई. अननसाच्या कारखान्यात काम लावते म्हणाली होती. तिने सान ल्विन धरून नऊ जणांना कोंबडीचं कालवण आणि भात वाढला, "खा रे, वाळलात किती," म्हणाली, आणि हात धुवायला बाहेर गेली ती दाराला बाहेरून कुलूप घालूनच. दोन दिवसांनी दार उघडलं ते पिस्तूलवाल्यांनी. एका बंद टेम्पोत भरून नऊही जणांना धक्क्यावर आणलं आणि फळीवरून बोटीत ढकललं.

सान ल्विन मूळचा यांगोनच्या खालच्या अंगाला, लामाइंगच्या बाजूचा. तिथे सगळा मुलूख सुपारीचा आणि हा पोफळीवर चढणारा. पायात दोरीचा फास अडकवून सरसर वर जायचा, घड उतरवायचा, आणि खाली न येता झोका घेऊन शेजारच्या झाडाचा शेंडा धरायचा. एका दमात वीस-बावीस झाडं करून जमिनीला पाय लावायचा. बागा दुसऱ्यांच्या, हा नुसता चढणारा. वय एकतीस, लग्न झालेलं नाही, घरी एक थोरली बहीण. घरावर पत्रे घालायचे एवढ्याच विचाराने तो तीन पागोड्यांच्या खिंडीतून पलीकडे गेला होता. पोहता येत होतं, पण मासेमारीतलं त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

बोटीवर ते सतरा जण होते. तांडेल बुनरोद थायी, बुटका, नाकाला सारखी हुंगायच्या मलमाची नळी लावणारा. त्याचा एक भाऊबंद इंजिनावर. बाकी सगळे आपल्याकडचे. तांडेल सहसा हात उचलत नसे. सुकाणूच्या केबिनमधून तो दोन शब्द बोले आणि ते दोन शब्द मो चॉ लोकांच्या अंगावर उतरवी. त्यासाठी त्याने पाकट माशाची शेपटी वाळवून ठेवली होती. वेताहून लवचिक, आणि काटे तसेच राखलेले. एक फटका बसला की कातडी निघायची आणि ती जागा महिनाभर पू धरायची.

जाळं दिवसरात्र फिरत असे. चार-पाच तासांनी ते वर यायचं, डेकवर मासळीचा ढीग ओतला जायचा, आणि माकूल वेगळं, पाकट वेगळं, झिंगे वेगळे असं निवडता निवडता पुढचं जाळं वर यायचं. झोप मिळे ती तुकड्यातुकड्याने. विकायला निरुपयोगी मासळी आणि भात, हे जेवण. किनारा लागायचाच नाही. दोन-तीन महिन्यांनी एक मोठी बोट यायची, मासळी घेऊन जायची, आणि बर्फ, तांदूळ, डिझेल टाकून जायची. कधी माणूसही टाकायची, कधी उचलायची. माणसाची मोजदाद बर्फाच्या लाद्यांबरोबरच व्हायची.

तोंड सुजून सान ल्विनला चार दिवस गिळता येईना. तेव्हा सॉ पो क्वी नावाच्या कॅरन जमातीच्या गड्याने भात पाण्यात कुस्करून त्याला पाजला. हा पो क्वी फा-आनच्या डोंगराकडचा. लाकडं ओढणाऱ्या हत्तीमागे राहिलेला, अंगाने दांडगा, गळ्याने गोड. जाळं ओढताना ख्रिस्ती देवळातली गाणी म्हणायचा आणि मो चॉचा फटका बसला की गाणं थांबवून पुन्हा तिथूनच उचलायचा.

"गिळ, माकडा," तो म्हणाला. "झाडावर चढणाऱ्याला दातांचं काय काम?"

"तू हत्तीच्या शेणात वाढलेला," सान ल्विन सुजल्या ओठांनी म्हणाला. "तुला दात असून काय उपयोग झाला?"

पो क्वी इतका मोठ्याने हसला, की दोघांनाही मार बसला. तिथून त्यांचं जमलं. पो क्वीला घरी बायको होती, नॉ खू पॉ, आणि दीड वर्षाची मुलगी. बायको ढेकीवर भात कांडते तेव्हा सबंध घर हलतं, असं तो कौतुकाने सांगायचा. "तू आलास की तिच्या हातचं खा. तिला मी म्हणेन, हा माणूस खारं पाणी पिऊन आलाय, मीठ घालू नको."

दुसऱ्या वर्षी, पावसाळी वाऱ्याच्या दिवसांत, जाळं ओढायच्या विंचेचा दोर सुटला आणि पो क्वीचा उजवा हात मनगटापाशी रिळात सापडला. बाहेर काढला तेव्हा बोटं कुठली आणि तळवा कुठला हे कळत नव्हतं. फडक्याने बांधला, वरून डिझेल ओतलं. सहाव्या दिवशी हाताला वास येऊ लागला. आठव्या दिवशी ताप चढला. तरी मो चॉ त्याला डाव्या हाताने मासळी निवडायला बसवी.

दहाव्या दिवशी मोठी बोट आली. सान ल्विन काम टाकून केबिनशी गेला आणि त्याने तांडेलाचे पाय धरले. आयुष्यात त्याने भिक्षू आणि आई-बाप सोडून कोणाचे पाय धरले नव्हते. "त्याला या बोटीनं किनाऱ्याला धाडा. मी त्याचं काम करतो. माझं आहेच, त्याचं वर." तांडेलाला भाषा कळत नव्हती, पण पाय धरलेले कळत होते. त्याने मोठ्या बोटीवरच्या माणसाला ओरडून काही विचारलं. तो माणूस कठड्यावरून वाकला, पो क्वीकडे एकदा बघितलं आणि नाक धरून हात हलवला. मोठी बोट तशीच गेली.

तांडेलाने नळी एका नाकपुडीतून दुसऱ्या नाकपुडीत नेली आणि मो चॉला दोन शब्द सांगितले.

मो चॉने शेपटी खाली ठेवली. मग म्हणाला, "सान ल्विन, तू पाय धर. मी खांदे घेतो."

"कशाला?"

"धर म्हणतो ना."

दुपारची वेळ. लख्ख ऊन. बाकीचे बारा जण हातातलं जाळं तसंच धरून उभे होते. तांडेल खाली उतरून आला होता आणि पिस्तूल सान ल्विनच्या कानामागे टेकलं होतं. ते लोखंड उन्हाने तापलेलं होतं, हे त्याला नंतर कायम आठवत राहिलं.

त्याने पाय धरले.

पो क्वी तापात होता, पण शुद्धीवर होता. अंग उचललं गेलं तसं त्याला सगळं कळलं. त्याने लाथा झाडल्या. एक सान ल्विनच्या छातीत बसली आणि बरगडी मोडल्याचा आवाज झाला. "सोड! सान ल्विन, अरे सोड मला!" तो ओरडत होता. सान ल्विनने पकड आणखी घट्ट केली, कारण घट्ट केली नाही तर कानामागचं लोखंड उडेल हे हातांना कळत होतं. मो चॉने खांदे कठड्यापलीकडे लोटले. धड बाहेर लटकलं, खाली पाणी दिसलं, आणि तोच माणूस तसाच ओरडला, "सोडू नको! सोडू नको रे!"

सान ल्विनने सोडलं.

जखमी हात वर धरून तो बराच वेळ पोहत होता. बोट पुढे गेली. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येईना, तेव्हा मो चॉने शेपटी हवेत फिरवली आणि सगळे कामाला लागले. जाळं वर यायची वेळ झाली होती.

पुढे वर्षभराने बोट दुरुस्तीसाठी वारोल बेटाला लागली. इतक्या काळात सान ल्विनच्या पायाला पहिल्यांदा जमीन लागली आणि तो चालताना धडपडला. मासळीवाल्या कंपनीचा धक्का, बर्फाचा कारखाना, पत्र्याच्या वखारी, आणि मागे झाडीत लाकडी पाट्या रोवलेल्या कबरी. पाट्यांवर खोट्या कागदांवरची थायी नावं होती, खाली माणसं आपल्याकडची. तिसऱ्या दिवशी पहारेकऱ्याची पाठ वळली तशी सान ल्विनने कुंपणावरून उडी मारली.

चार दिवस तो सागो नावाच्या ताडांच्या दलदलीत लपून राहिला. बेटावरच्या एका म्हाताऱ्याने त्याला सागोच्या पिठाची खळ दिली. ती तो हाताने ओरपून प्याला. पाचव्या दिवशी कुत्री आली. एका कुत्र्याने पोटरीचा लचका तोडला. त्याच पायावर त्याला दोन कोस चालवत आणलं.

कंपनीच्या आवारात लोखंडी पिंजरा होता. त्यात उभं राहता येत नसे, पाय पसरता येत नसत. अकरा दिवस तो त्यात होता. पहिल्या दिवशी आत घालण्याआधी मो चॉने सगळ्यांसमोर त्याला चाळीस फटके मारले. विसाव्यानंतर सान ल्विन ओरडायचा थांबला. पाठीची चाळण झाली, माश्या बसू लागल्या, आणि पिंजऱ्याला टेकावं तर गज मांसात रुतायचा.

चौथ्या दिवशी मो चॉ पाण्याचं डबडं घेऊन आला. आजूबाजूला कोणी नव्हतं. त्याने सदरा वर करून पाठ दाखवली. जुने वळ होते, एकावर एक.

"याच पिंजऱ्यात," तो म्हणाला. "एकोणीस दिवस. नऊ वर्षं झाली. मला तर माझ्या सख्ख्या मेव्हण्यानं विकला."

"मग तू मारतोस कसा?" सान ल्विनने विचारलं. "हात कसा उचलतो तुझा?"

"तू पाय धरलेस ना," मो चॉ म्हणाला, "तसा."

डबडं गजाआड ठेवून तो निघून गेला. सान ल्विनला त्याचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःचा. आणि त्या रागाला पिंजऱ्यात हात हलवायलाही जागा नव्हती.

बोट पुन्हा समुद्रात गेली. बोटीवरचा स्वयंपाकी ऊ पान न्यो सगळ्यांत म्हातारा, साठीला टेकलेला. त्याचे पाय सुजत चालले होते. आधी घोटे, मग पोटऱ्या, मग मांड्या. बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहायचा. नुसत्या पांढऱ्या भातावर वर्षं काढली की हे होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. एका सकाळी त्याला उठता येईना. चूल पेटली नाही.

तांडेल केबिनमधून डोकावला. दोन शब्द.

मो चॉ म्हाताऱ्याच्या खांद्यांपाशी येऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. "सान ल्विन," तो म्हणाला, "ये. पाय घे. तुला सवय आहे."

हा शेवटचा शब्द त्याने बोलायला नको होता. सान ल्विनच्या हातात बर्फाच्या लाद्या ओढायचा लोखंडी आकडा होता. त्याने तो दोन्ही हातांनी उचलला आणि आडवा फिरवला. मो चॉचा खालचा जबडा एका बाजूने निखळून लोंबू लागला. तो खाली बसला, दोन्ही हातांनी जबडा सावरत, आणि त्याच्या बोटांमधून रक्त ओघळू लागलं.

तांडेल पिस्तूल घेऊन धावत उतरला. पहिली गोळी त्याने सान ल्विनवर झाडली. ती मागे उभ्या असलेल्या तिन हलाइंगच्या पोटात शिरली. तो पोट धरून मासळीच्या ढिगावर आडवा झाला आणि मासे तांबडे झाले. दुसऱ्यांदा चाप ओढला तर नुसतं 'खट्' वाजलं. त्या 'खट्'ने बोटीवरच्या लोकांचा दोन-तीन वर्षांचा थरकाप एका क्षणात संपवला. सगळे एकदम तुटून पडले. कोणाच्या हातात बर्फाचं फावडं, कोणाच्या हातात मासळी सोलायची सुरी, कोणाच्या हातात नुसत्या मुठी. एकाने जाळ्याची साखळी घेतली होती. सान ल्विनने आकडा किती वेळा चालवला ते त्याने मोजलं नाही. तांडेल आधी ओरडत होता, मग विनवत होता, मग नुसता आवाज येत होता, आणि तोही बंद झाल्यावर मारणाऱ्यांचे हात थांबायला बराच वेळ लागला. चेहऱ्याच्या जागी चेहरा उरला नव्हता. त्याला पाण्यात टाकताना पाय धरायला कोणाला सांगावं लागलं नाही.

इंजिनावरचा माणूस खाली कोंडून घेऊन बसला होता. त्याला त्यांनी बांधलं, मारलं नाही. इंजिन चालायला हवं होतं. तिन हलाइंग दुपारपर्यंत जिवंत होता. पाणी मागत होता. ऊ पान न्यो त्याचं डोकं सुजल्या मांडीवर घेऊन बुद्धाची सुत्तं म्हणत बसला, अर्धी विसरलेली, तीच तीच ओळ पुन्हा म्हणत.

सुकाणू धरता येत होतं ते एकट्या मो चॉला. त्याचा जबडा फडक्याने डोक्याला बांधला, त्याला चाकाशी उभा केला आणि सान ल्विन आकड्याचं टोक त्याच्या मानेला लावून मागे उभा राहिला. दीड दिवस दोघे तसे उभे होते. मो चॉला बोलता येत नव्हतं. मध्येच एकदा त्याने मान किंचित मागे रेलून टोक स्वतःच आत घेतलं. रक्ताचा थेंब आला. सान ल्विनने आकडा दोन बोटं मागे घेतला.

वारोलच्या मागच्या अंगाला बोट खडकांवर चढली. लोक इंजिनवाल्याची दोरी कापून, उड्या टाकून, एकमेकांना धरून किनाऱ्याला लागले. मो चॉ कमरेभर पाण्यात पडला होता. सान ल्विनचा हात वर गेला. तो हात खाली आला नाही याचं कारण दया नव्हती, हे तो पुढे स्वतःच सांगायचा. "दमलो होतो," म्हणायचा. "तेवढंच."

मागच्या गावातल्या लोकांनी त्यांना झाडीत आसरा दिला. दलदलीत सागोचं झाड तोडायचं, गाभा कुटायचा, पीठ धुवायचं. त्या कामावर दहा महिने निघाले. मग एका दुपारी गावात बातमी आली, की कंपनीला टाळं लागलंय, सरकारी बोटी आल्यात, परदेशी लोक आलेत, आणि ज्याला घरी जायचंय त्याने धक्क्यावर यावं. लोकांचा विश्वास बसेना. तरी झाडीतून, बोटींमधून, वखारींमधून माणसं निघत गेली. सान ल्विन पोचला तेव्हा धक्क्यावर शेकडो जण उकिडवे बसले होते आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

रांगेत त्याच्यापुढे सहा माणसं सोडून मो चॉ बसला होता. जबडा वाकडा जुळला होता. त्याने मागे पाहिलं. दोघांची नजर भेटली. मो चॉने पुढे तोंड केलं.

वखारीत मेज टाकून एक परदेशी साहेब बसला होता आणि शेजारी यांगोनहून आलेली दुभाषी, मा युझाना, तिशीतली, चष्म्याची. तिच्यासमोर छापील कागद होता. नाव, गाव, बोटीचं नाव विचारून झालं.

"अको, दादा," ती म्हणाली, "या बोटीवर तुम्हाला गुलाम केलं होतं का?"

सान ल्विन हसला. तीन दात नसलेलं ते हसू बघून साहेबाने लेखणी खाली ठेवली.

"हसलात का?"

"बाई, आपल्याकडं पुरुषमाणूस अदबीनं 'मी' म्हणतो, तेव्हा काय म्हणतो? 'आपला गुलाम'च म्हणतो ना? मी माझं नाव सांगितलं तेव्हाच तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं."

मा युझानाने चष्मा वर सरकवला. तिने साहेबाला सांगितलं, साहेब बराच वेळ बोलला. मग ती म्हणाली, "कागदावर इंग्रजी शब्द आहे, एन्स्लेव्ह. नुसतं गुलाम असणं नाही, गुलाम करणं. साहेब म्हणतात, या शब्दाला करणारा लागतो आणि ज्याला केलं तो लागतो. तुम्ही दुसऱ्या रकान्यात. करणारे कोण, ते पहिल्या रकान्यात. त्यांची नावं सांगा."

"दॉ चो. तांडेल बुनरोद."

"आणि?"

रांग बाहेरपर्यंत होती. मो चॉ मेजापासून उठून पलीकडच्या भिंतीशी बसला होता. त्याने थोड्याच वेळापूर्वी याच मेजापाशी आपली पाठ दाखवली होती आणि त्याचं नाव दुसऱ्या रकान्यात लिहून झालं होतं. संध्याकाळच्या बोटीत त्याची जागा धरलेली होती. तो सान ल्विनकडे बघत होता. त्या बघण्यात विनवणी नव्हती. तू सांगितलंस तर मी सांगेन, एवढंच होतं.

"ज्याला गुलाम केलं, त्यानं दुसऱ्याला मारलं तर?" सान ल्विनने विचारलं. "तो कुठल्या रकान्यात?"

"म्हणजे कोण?"

"आधी माझं लिहा," सान ल्विन म्हणाला. "सॉ पो क्वी. गाव फा-आनजवळ. त्याला जिवंत पाण्यात टाकला. खांदे त्या भिंतीशी बसलाय त्यानं धरले होते. पाय मी धरले. पिस्तूल होतं माझ्या डोक्याला, तेही लिहा. पण पाय मी धरले. आणि तांडेलाला आम्ही मारला. सगळ्यांनी. माझा आकडा होता त्यात."

मा युझाना ते इंग्रजीत सांगत गेली. मध्येच थांबली, पाणी प्याली, पुन्हा सांगू लागली. साहेबाने कागदावर लेखणी नेली, पहिल्या रकान्यापाशी थांबला, दुसऱ्यापाशी थांबला. शेवटी त्याने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.

मो चॉ उठला नाही. पोलीस त्याच्यापाशी गेले तेव्हा वाकड्या तोंडाने त्याने सान ल्विनला एक शिवी दिली. आईवरची. मग म्हणाला, "निदान खोटं नाही बोललास, भडव्या."

बाकीचे घरी गेले. सान ल्विन आणि बोटीवरचे आणखी आठ जण वर्षभर त्या बेटांच्या तुरुंगात राहिले. तांडेलाच्या खुनाबद्दल नऊही जण एकच बोलले: सगळ्यांनी मारला. कोर्टाने त्यांना सोडलं. मो चॉला नऊ वर्षांची शिक्षा झाली. ऊ पान न्योचे पाय उतरले आणि तो आपल्या गावी मुलीकडे गेला. दॉ चोचा पत्ता कोणालाच लागला नाही.

सान ल्विन घरी पोचला. बहिणीने त्याच्या नावाने विहारात दान देऊन टाकलं होतं, मेलेल्या माणसाच्या नावाने देतात तसं. तो आठ दिवस तिथे राहिला आणि नवव्या दिवशी फा-आनची बस धरली.

नॉ खू पॉचं घर डोंगराच्या पायथ्याशी होतं. ती अंगणात चुलीवर डुकरांचं शिजवत होती. मुलगी सात वर्षांची झाली होती, तिला तिने पाण्याला पाठवलं. सान ल्विन मातीत बसला आणि बोटीपासून कठड्यापर्यंत सगळं सांगितलं. नवऱ्याचं शेवटचं ओरडणंही सांगितलं. गाळावं असं वाटेत शंभरदा वाटलं होतं.

तिने चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि त्याला मारायला सुरुवात केली. खांद्यावर, हातावर, डोक्यावर. ठिणग्या उडत होत्या, सदरा पेटला, तो तिनेच लाथेने मातीत लोळवून विझवला आणि पुन्हा मारू लागली. सान ल्विनने हात वर केले नाहीत. शेजारी धावत आले आणि त्यांनी तिला ओढली.

"मला सोडा," ती म्हणाली. "मी याला मारून टाकत नाहीये. सहा वर्षं मला वाटत होतं, तो दुसऱ्या बाईकडं राहिलाय."

मग ती खाली बसली आणि तिने हंबरडा फोडला.

भाजलेला खांदा भरायला महिना लागला. तो महिना सान ल्विन तिथेच, पाद्र्याच्या पडवीत राहिला. देवळामागे पो क्वीच्या नावाचा खड्डा त्यानेच खणला. आत ठेवायला काही नव्हतं, म्हणून नॉ खू पॉने लग्नातला विणलेला सदरा घडी करून ठेवला.

पुढच्या सुगीनंतर ती मुलीला घेऊन लामाइंगला आली. तिने कधी समुद्र बघितला नव्हता. सान ल्विन पोफळीवर होता, त्याला खालून हाक मारली. तो उतरला, हातपाय धुतले आणि दोघींना घेऊन किनाऱ्याला गेला. तो स्वतः परत आल्यापासून तिकडे फिरकला नव्हता. वाळू लागताच त्याचे पाय अडले, तशी तीच पुढे झाली.

"हेच पाणी?" तिने विचारलं.

"हे दुसरं. ते फार लांब. पण लागून असेल."

मुलगी लाटेत शिरून ओरडत होती, पळत बाहेर येत होती. नॉ खू पॉ वाळूवर बसली. ऊन चढेपर्यंत बसली. मग तिने गाठोडं सोडलं, केळीच्या पानातला भात काढला, तिघांचा वाटून ठेवला आणि मुलीला म्हणाली, "बाहेर ये गं आता, ओली झालीस सगळी. जेवून घे. बस चुकेल."